पान लागलं

लेक सही मागत होती आणि मी देत नव्हतो. चार दिवस हेच चाललं होतं. कागद दोन पानांचा. अकरा वर्षांपूर्वी माझ्या बायकोला साप चावला त्या दिवशी काय घडलं ते मी राजीखुशीनं सांगतो आहे, आणि नाव न छापता ते प्रबंधात वापरायला माझी हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी माझ्या सहीसाठी रेघ.

मी शेळ्यांचा व्यापारी. सातवीत शाळा सुटली, एका लंगड्या करडावर धंदा सुरू केला, आणि आज पारनेरपासून पाथर्डीपर्यंत कुठल्याही बाजारात मी उतरलो की शेळीवाले एकमेकांना डोळ्यांनी खुणावतात, आला, आता दुपार होणार. घासाघीस केल्याशिवाय मी मिठाचा पुडाही घेत नाही. मग लेकीला सही तशीच कशी देणार? माझी अट साधी होती. त्या दिवशी फोनवर असलेल्या नर्सनं तुझ्या आईला मारलं असं प्रबंधात लिही, मी सही करतो. ती म्हणाली, तुम्ही जे सांगाल ते तुमच्याच शब्दांत लिहीन, पण दोष कुणाचा हे मी लिहिणार नाही. मी म्हटलं, मग तुझा कागद तुझ्यापाशी ठेव.

आमचं गाव कर्जत तालुक्यात. फाट्यावर उभं राहिलं की एका अंगाला कर्जतची सडक, तिथं मोठा दवाखाना. दुसऱ्या अंगाला ओढा ओलांडून गेलं की छोटा सरकारी दवाखाना. दोन्हीकडं जायला लागणारा वेळ जवळपास सारखा, दिशा मात्र उलट्या. सगळा घोळ तिथंच झाला.

लेक पुण्यात संशोधन करते. पाहुणे विचारतात तेव्हा मी सांगतो, डॉक्टर होतेय. तिला ते खपत नाही. तिचं काम मला समजायला बराच वेळ लागला. ती म्हणते, कुठल्या दुखण्यावर काय करायचं हे बहुतेक वेळा कुणाला ना कुणाला माहीत असतं. पण ते माहीत असलेलं दवाखान्यापर्यंत, घरापर्यंत, माणसाच्या हातापर्यंत का पोहोचत नाही, यावर जगभर लोकांनी अभ्यास केला आहे. त्या अभ्यासांचा ती नकाशा काढते. सुरुवात कुणी केली, कुणी कुणाचं घेतलं, वाट कुठं फुटली. मी म्हटलं, म्हणजे अभ्यासांचा अभ्यास. हो म्हणाली. मी विचारलं, आणि पेशंट? त्यावर तिनं सहीचा कागद पुन्हा माझ्यापुढं सरकवला.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं पत्र्याच्या शेडखाली लॅपटॉप उघडला. कागदानं जमत नाही म्हटल्यावर नकाशानं जमेल असं तिला वाटलं असावं. माझ्याबरोबर तीस वर्षं बाजार करणारा म्हातारा भागीदार शेजारी बसला होता. काळ्या पडद्यावर तांबडे, हिरवे, पिवळे असे कितीतरी ठिपके, आणि त्यांच्यामधून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाला, ‘ही तर गोचडी झालेल्या शेळीची पाठ हाय.’ लेक हसली. त्या मुक्कामात ती तेवढीच हसली.

एक ठिपका म्हणजे एक लेख. रेघ म्हणजे ह्यानं त्याचं नाव घेतलं. ज्याचं नाव जास्त जणांनी घेतलं तो ठिपका मोठा. मी विचारलं, मोठा म्हणजे खरा का? ती म्हणाली, नाही, मोठा म्हणजे जास्त वेळा नाव निघालेला. हे मला चटकन समजलं. आमच्या बाजारातही असे दोन-तीन दलाल आहेत.

पडद्याच्या तळाला एक पट्टी होती. ती बोटानं मागं सरकवली की वर्षं मागं जात आणि ठिपके विझत जात. तिनं पार मागं नेली, आणि मग हळूहळू पुढं आणत सांगायला लागली. सुरुवातीला एका कोपऱ्यात मोजके ठिपके, तेही लांबच्या श्रीमंत देशांतले. चांगली माहिती नीट छापून डॉक्टरच्या टेबलावर ठेवली की काम झालं, असा तेव्हा समज होता. मग कुणीतरी जाऊन पाहिलं, तर कागद टेबलावरच पडून. मग डॉक्टरला शिकवायचं कसं, आठवण कशी करून द्यायची, यावर ठिपके उगवले. मग दवाखान्यातली माणसं, त्यांच्यावरचा कामाचा बोजा, त्यांचे साहेब. मग सरकार. आणि अगदी अलीकडं, उजव्या कडेला, विरळ ठिपके. हे लोक म्हणतात, ज्याला दुखतंय त्याला आधी विचारा.

‘पेशंटला इचारायचं, हे समजायला एवढी वर्सं लागली व्हय?’ म्हातारा म्हणाला. लेक म्हणाली, लागली खरी.

मी विचारलं, ह्यात आपण कुठं? तिनं नकाशा मोठा केला, सरकवला. आपल्या देशातले थोडे होते, सापाचे त्याहून थोडे. मराठीत कुणी काही लिहिलं असलं तरी ते ह्यात नाही, कारण ज्या साठ्यातून तिनं लेख काढले तो सगळा इंग्रजीचा. माझं डोकं फिरलं. चार वर्षं पुण्यात राहून, डोळ्यांना चष्मा लावून घेऊन हिनं केलं काय, तर ज्यात आपला माणूस नाही असा नकाशा. मी म्हणालो, ‘म्हंजी तुझी आई ह्यात न्हाई.’

‘नाही, आप्पा. म्हणूनच सही मागतेय.’

तिथं थांबायला हवं होतं. पण मला वस्तू उलटीपालटी करून पाहायची सवय. दोन रंगांचे दोन पुंजके होते, जवळजवळ सारख्या आकाराचे, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यामध्ये जेमतेम एखादी रेघ. मी विचारलं, ह्यांचं भांडण आहे का? ती म्हणाली, भांडण नाही, ओळखच नाही. दोघं करतात ते काम एकच, पण हे त्याला एक नाव देतात, ते दुसरं. अशी ढीगभर नावं आहेत त्या कामाला. एका नावानं शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाचं काम सापडत नाही. माहिती दोघांकडं असते, पण ह्याचा शब्द त्याला कळत नाही.

हे सांगताना ती पडद्याकडं पाहत नव्हती.

‘आप्पा, त्या दिवशी मी दारातच उभी होते,’ ती म्हणाली. ‘तुम्ही फोनवर साप म्हणाला नव्हता.’

म्हातारा काठी घेऊन उठला आणि शेळ्यांना पाणी आहे का ते बघायला गेला. पाणी होतं, त्यानंच सकाळी भरलं होतं. मी लेकीला काय बोललो ते इथं लिहीत नाही. बाप मेल्यावर छाप काय छापायचं ते, असं काहीतरी शेवटी होतं. मग मी गाडी काढली आणि दोन दिवस बाजारांतच फिरत राहिलो.

अकरा वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो होतो. मी फोन केला, साप चावलाय म्हणून सांगितलं, आणि त्या बाईनं पाणी पाजा म्हणून फोन ठेवला. गावात, बाजारात, सोयऱ्यांत, सगळ्यांना हेच. तक्रारीतही हेच. ती लिहून देणाऱ्यानं ‘सर्पदंश झाल्याचे स्पष्ट सांगितले असताना’ असं घातलं होतं आणि मी खाली सही ठोकली होती. ती तक्रार मी नुसती देऊन गप्प बसलो नाही. ज्याच्या-त्याच्या दारात जाऊन पाठपुरावा केला. नर्स कंत्राटावर होती. तिचं कंत्राट पुढं वाढलं नाही. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवलो होतो, हे मला आठवतं.

इतकी वर्षं एक गोष्ट सांगितली की ती आपल्यालाच घडल्यासारखी दिसायला लागते. मला फोनवरचा माझा आवाज ऐकू यायचा, साप चावलाय म्हणणारा. लेक बोलली तेव्हा मी चिडलो, पण गाडी चालवताना तो आवाज परत ऐकायला गेलो तर तो येईना.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. ती दहावीत होती तेव्हा. म्हणजे अकरा वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहून मी पाहुण्यांना सांगितलेली ती गोष्ट ऐकत होती, चहाचे कप उचलत होती, आणि एकदाही तिनं तोंड उघडलं नव्हतं. आई गेलेली, बापाला धरून राहायचं होतं, म्हणून असेल.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. ती पुण्याला जायच्या तयारीत होती, पिशवी भरलेली. मी म्हणालो, ‘बस. लिही.’ तिनं विचारलं, सही आधी करता का? मी म्हणालो, आधी लिही, मग बघू.

मी सांगत गेलो, ती टंकत गेली.

दुपारची वेळ होती. बायको बांधाकडेला घास कापत होती. उजवा हात डाव्या हातात धरून ती शेडपाशी आली आणि म्हणाली, पान लागलं वाटतं. आमच्याकडं चावलं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. ज्याला लागलं त्याच्यासमोर त्या जनावराचं नाव तोंडातून काढत नाहीत. नाव कानावर पडलं की विष चढतं, असं म्हणतात. मी हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि मला ते खरं वाटतं का, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिला बाजेवर बसवलं, ती माझ्यासमोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी छोट्या दवाखान्यात फोन लावला.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं, त्याच्याखाली समोरच्याची बोटं धरायची, बोटांनीच बोलायचं. भोवतीच्याला काही कळू द्यायचं नाही, हाच त्यातला मुद्दा. मी त्या दिवशी फोनवर तेच केलं. बाजेवर बसलेलीला कळू नये म्हणून आडून बोललो.

मी म्हणालो, बायकोला पान लागलंय, डॉक्टर आहेत का? फोनवरची नर्स नवी होती, मुंबईत वाढलेली. तिनं विचारलं, कसलं पान, खायचं का, तंबाखूचं होतं का? सुपारी लागते, तंबाखू लागतो, घाम सुटतो, चक्कर येते. तिला वाटलं तसंच पान लागलं. आता शांतपणे बघितलं तर दुसरं काय वाटणार होतं तिला? तिनं एकदा नाही, दोनदा विचारलं.

मी दोन पावलं बाजूला गेलो असतो तर पुरे होतं. शेडच्या मागं जाऊन हळू आवाजात दोन अक्षरं बोललो असतो तर पुरे होतं. पण मला राग आला. मी म्हणालो, ‘व्हय, पानच. मराठी कळत न्हाई का तुमाला?’ ती म्हणाली, मग त्यांना पाणी द्या, थोडं पडू द्या, बरं नाही वाटलं तर घेऊन या. मी फोन बंद केला.

तिला कळलं असतं तर तिनं सांगितलं असतं, डॉक्टर आज शिबिराला बाहेर गेलेत, इकडं येऊ नका, थेट कर्जतला न्या. हे तिनं नंतर चौकशीत सांगितलं होतं. ती पळवाट काढतेय असं मी तेव्हा ओरडून म्हणालो होतो.

इथपर्यंतचं लेकीला माहीत होतं किंवा अंदाजानं कळलेलं होतं. ती न थांबता टंकत होती. पुढचं तिला माहीत नव्हतं, कारण मोटरसायकलवर आम्ही दोघंच होतो.

डॉक्टर तिथं असतीलच असं धरून मी बायकोला मागं बसवून फाट्यावरून ओढ्याच्या बाजूला वळलो. चढावर ती माझ्या पाठीला टेकून म्हणाली, ‘त्या बाईला समजलं न्हाई. परत फोन लावा, नीट सांगा.’

मी म्हणालो, ‘तू गप बस. मला शिकवू नको.’

ती गप बसली. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आधी रागानं बोलली नसेल. पुढं तिला बोलताच येत नव्हतं. दवाखान्यात उतरवलं तेव्हा पापण्या मिटत चालल्या होत्या आणि जीभ जड झाली होती. राग कुठं संपला आणि विष कुठं सुरू झालं, हे पाठमोऱ्या बसलेल्या मला कळलं नाही.

दारातच, मी पान लागलं म्हटल्याबरोबर, तिथला जुना शिपाई नर्सला म्हणाला, मॅडम, साप चावलाय. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, ‘अहो, मग साप म्हणायचं ना.’ एवढंच. मग तिनं स्वतः पळत जाऊन रस्त्यावरची एक जीप थांबवली, बायकोला मागं आडवं घातलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि जीप आल्या वाटेनं उलटी निघाली. आमच्या फाट्यावरूनच गेली. लेक तिथं उभी होती. तिनं हात केला, पण जीप थांबली नाही. कर्जत यायच्या आत सगळं संपलं होतं.

मी बोलायचं थांबलो तेव्हा लेकीची बोटंही थांबली होती. चढावरच्या त्या वाक्यापासून तिनं काहीच टंकलं नव्हतं.

‘हे नको घालूया, आप्पा,’ ती म्हणाली. ‘हे आपलं राहू दे.’

‘घाल.’

‘माझ्या कामाला हे लागत नाही. शब्दाचं झालं तेवढं पुरे आहे मला.’

‘तिला समजलं हुतं,’ मी म्हणालो. ‘त्या बाईला समजलं न्हाई, हे तुझ्या आईला समजलं हुतं. तुझ्या त्या नकाशातल्या एवढ्या लोकांनी एवढी वर्सं घालवली, ती तुझी आई चढावर मला एका वाक्यात सांगत हुती. घाल ते.’

तिनं लॅपटॉप जवळ ओढला. मग तिनं ते घातलं. मी कागद ओढून सही केली. माझ्या अटीचं तिनं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. बसमध्ये चढताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी नगरच्या कचेरीत गेलो. आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडी अजून नगरच येतं. जुनी तक्रार मागं घ्यायची म्हणालो. कारकून म्हणाला, ती केव्हाच बंद झाली, मागं काय घेणार? मी म्हणालो, त्या नर्सबाईंचा पत्ता द्या. तो म्हणाला, कंत्राटी होत्या, गेल्या, पुढचं आमच्याकडं काही नसतं, आणि असलं तरी देता येत नाही. माझा आवाज चढला. त्यानं मान वर करून विचारलं, ‘तक्रार तुमचीच ना? मग आता नेमकं पाहिजे काय तुम्हाला?’

मी कोरा कागद मागितला आणि बाकावर बसून माझ्या अक्षरात लिहिलं. फोनवर मी साप हा शब्द उच्चारला नव्हता. बाईंनी दोनदा विचारलं, मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांची चूक नव्हती. खाली सही. कारकुनानं वाचलं, पुन्हा वाचलं, शिक्का मारला आणि एक प्रत मला दिली. हे त्यांना कळेल का, मी विचारलं. तो म्हणाला, फायलीला लागेल.

लेकीला मी हे फोनवर सांगितलं. तीही तिकडून शोधतेय. अजून तपास नाही.

एक गोष्ट मात्र मी लेकीला सांगितली नाही, कारण ती मलाच माहीत नाही. जीपमध्ये मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागं ती नर्स माझ्या बायकोच्या कानाशी वाकून सगळा वेळ काहीतरी बोलत होती. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बायकोला त्यातलं काही समजलं की नाही, समजून तिनं मान हलवली की नाही, हे सांगू शकेल असं एकच माणूस आहे, आणि तिची नोकरी मी घालवली.